‘गेज’ शब्दाची कुळकथा

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कर्जतच्या अलीकडे नेरळ नावाचे स्थानक आहे. तेथे उतरणाऱ्याच्या दृष्टीस दोन जातींचे रूळ पडतात. एका बाजूस लांब पल्ल्याच्या गाड्यांचे भक्कम रूळ. त्या दोन रुळांमध्ये १६७.६ सेंटिमीटर, म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाएवढे अंतर. दुसऱ्या बाजूस माथेरानचा डोंगर चढणाऱ्या चिमुकल्या गाडीचे रूळ. त्यांच्यामध्ये अवघे ६१ सेंटिमीटर, म्हणजे हातभराहून थोडे अधिक. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने बांधलेला हा छोटा मार्ग १९०७ साली सुरू झाला. पहिल्या मार्गाला लोक ‘ब्रॉडगेज’ म्हणतात, दुसऱ्याला ‘नॅरोगेज’. हमाल म्हणतो, तिकीटबाबू म्हणतो, शाळकरी मुलगाही म्हणतो. पण गेज म्हणजे काय?

‘दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर’ असे उत्तर कोणीही देईल. ते खरे आहे, पण पुरते नाही. शाळेच्या अंगणात पाऊस मोजण्यासाठी जे नळकांडे ठेवतात, त्यालाही इंग्रजीत ‘रेन गेज’ म्हणतात. वाफेच्या यंत्रावर काट्याची तबकडी असते, ती ‘प्रेशर गेज’. लोखंडी सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक ‘बावीस गेजची तार’ मागते. फळीच्या कडेला समांतर रेघ ओढण्याचे सुताराचे लाकडी हत्यार, तेही एक गेजच. रुळांमधील अंतर, पावसाचे भांडे, वाफेची तबकडी, तारेची जाडी आणि सुताराचे हत्यार या पाचांचे नाव एक कसे पडले? याचे उत्तर शोधण्यासाठी आधी त्या शब्दाच्या अक्षरांकडे पाहिले पाहिजे. कारण त्याचा सगळा इतिहास त्या अक्षरांतच दडलेला आहे.

इंग्रजीत हा शब्द पाच अक्षरांनी लिहितात: जी, ए, यू, जी, ई. शुद्धलेखनाच्या तासाला हा शब्द सांगितला, की वर्गातील निम्म्या वह्यांत ‘यू’ आधी आणि ‘ए’ नंतर असा उलटा क्रम आढळतो. ही चूक केवळ मुलेच करतात असे नाही. कारखान्यांच्या पाट्यांवर आणि दुकानांच्या पावत्यांवरही ती दिसते. चूक होण्याचे कारण मात्र समजण्याजोगे आहे. गार्ड, गाइड, गेस या ओळखीच्या इंग्रजी शब्दांत ‘जी’च्या पाठोपाठ ‘यू’ येतो. ‘लँग्वेज’ या शब्दाचा शेवट तर नेमका जी, यू, ए, जी, ई असाच आहे. हाताला त्या वळणाची सवय झालेली असते आणि हात सवयीनेच लिहितो. परंतु ‘लँग्वेज’मधील ‘यू’चा ‘व’ असा उच्चार होतो, म्हणून त्याची जागा तेथे आहे. ‘गेज’मधील ‘यू’चा उच्चारच होत नाही. मग तो तेथे आला कोठून?

इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे दोनतीनशे वर्षे दरबाराची, न्यायालयाची आणि जकातीची भाषा फ्रेंच होती. आपल्याकडे फारशीतून वकील, जमीन, फौज, हिशेब हे शब्द आले आणि मराठीच होऊन गेले. त्याच रीतीने इंग्रजीत हजारो फ्रेंच शब्द शिरले. उत्तर फ्रान्सच्या बोलीत पिंप मोजण्याच्या काठीला एक शब्द होता. त्यातील पहिल्या स्वराचा उच्चार ‘अउ’च्या जवळ जाणारा होता, म्हणून तो ‘ए’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरे जोडून लिहीत. पंधराव्या शतकापर्यंत तो इंग्रजी लिखाणात आलेला दिसतो. पॅरिसकडील फ्रेंचमध्ये मात्र अशा शब्दांतील आरंभीचा ‘ग’ मऊ होऊन त्याचा ‘झ’ झाला. त्यामुळे बागेला इंग्रज ‘गार्डन’ म्हणतो, तर फ्रेंच माणसाच्या शब्दाचा आरंभ ‘झ’ने होतो, आणि इंग्रजांचे ‘गेज’ फ्रेंचांकडे ‘झोज’ आहे. ‘ग’ने सुरू होणारा इंग्रजी शब्द तो उत्तरेकडून आल्याची साक्ष देतो.

पुढे इंग्रजी उच्चार बदलले. ‘चेंज’, ‘चेंबर’, ‘सेफ’ हे शब्दही जुन्या इंग्रजी लिखाणात ‘ए’नंतर ‘यू’ घालून लिहिलेले सापडतात. त्यांतील स्वर काळाच्या ओघात सरकत सरकत आजच्या ‘ए’वर आला, तेव्हा लिहिणाऱ्यांनी नकोसा झालेला ‘यू’ गाळून टाकला. ‘गेज’चा उच्चार त्यांच्याबरोबरच बदलला, पण लेखन बदलले नाही. भावंडांनी टाकून दिलेला जुना अंगरखा याने तसाच अंगात ठेवला. मराठीलाही हे नवे नाही. ‘सिंह’ लिहितो आणि ‘सिंव्ह’ म्हणतो. ‘ऋषी’ लिहितो आणि ‘रुषी’ म्हणतो. ‘ज्ञान’ या शब्दातील जोडाक्षरात ‘ज’ आणि ‘ञ’ असताना तोंडाने ‘द्न्यान’ म्हणतो. लेखन पूर्वजांचा उच्चार सांगते, जीभ आपला.

अमेरिकेतील यंत्रशास्त्राच्या काही पुस्तकांत हा शब्द ‘यू’ गाळून चार अक्षरांनीच लिहितात. ते सोपे आहे यात शंका नाही. पण तसे लिहिले की तो दुसऱ्याच एका इंग्रजी शब्दासारखा दिसू लागतो. त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘तारण’ असा असून, गहाणखताला जे ‘मॉर्टगेज’ म्हणतात त्यातला ‘गेज’ तो आहे. त्या ‘गेज’चा आणि मोजण्याचा काही संबंध नाही. तेव्हा निरुपयोगी वाटणारा हा ‘यू’ निदान तारण आणि मोजमाप यांची गल्लत होऊ देत नाही.

येथे एक मोह आवरला पाहिजे. मराठीत ‘गज’ हा शब्द आहे. कापड मोजण्याचे एक माप म्हणून तो एके काळी घरोघरी वापरात होता आणि लोखंडी सळईलाही गज म्हणतात. गज म्हणजे काठी आणि माप; गेज म्हणजेही मूळची काठी आणि माप! तेव्हा गजाचाच गेज झाला असे कोणी म्हणेल. परंतु ‘गज’ आला फारशीतून आणि ‘गेज’ गेला फ्रेंचमधून इंग्रजीत. दोघांची गाठ पूर्वी कोठे पडल्याचा पुरावा नाही. शब्द सारखे दिसतात म्हणून त्यांना सख्खे भाऊ ठरवणे ही शब्दशास्त्रात नेहमी होणारी चूक आहे.

ती फ्रेंच काठी कशासाठी होती, हे पाहण्यासारखे आहे. मध्ययुगात फ्रान्समधून इंग्लंडला द्राक्षाच्या दारूची पिंपे गलबतांतून जात. राजा त्यांवर जकात घेई. पिंपात माल किती आहे हे ठरल्याखेरीज जकात ठरणार नाही. आणि प्रत्येक पिंप रिकामे करून मापाने मोजावे तर दिवस पुरणार नाही. म्हणून राजाचे अधिकारी खुणा केलेली काठी घेऊन बंदरावर उभे राहत, पिंपाच्या भोकातून ती आत घालत आणि ओल्या झालेल्या खुणेवरून माल सांगत. या अधिकाऱ्याला ‘गेजर’ म्हणत. स्कॉटलंडचा प्रसिद्ध कवी रॉबर्ट बर्न्स १७८९ पासून जकातखात्यात हेच काम करी.

पण पिंप हे मोठे फसवे भांडे आहे. त्याचे पोट फुगीर आणि दोन्ही तोंडे निमुळती. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार तेथे चालत नाही. १६१३ साली ऑस्ट्रियात योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाचे दुसरे लग्न झाले. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे दाखवून देणारा केप्लर तो हाच. घरासाठी पिंपे आणली, तेव्हा विकणाऱ्याने वरच्या भोकातून काठी तिरपी घालून ती तळाच्या टोकापर्यंत नेली, भिजलेला भाग पाहिला आणि लगेच किंमत सांगितली. पिंप लांबट असो वा बसके, कृती तीच! दुसरा कोणी असता तर पैसे देऊन मोकळा झाला असता. केप्लरच्या मनात मात्र प्रश्न उभा राहिला: दोन वेगळ्या आकारांच्या पिंपांत काठी सारखीच भिजली, तर दोहोंत माल सारखा असेल काय? त्याने पिंपाचे अतिशय पातळ काप कल्पून त्यांची बेरीज कशी करावी याचा विचार केला आणि १६१५ मध्ये या एकाच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सगळ्याच पिंपांना ती काठी चालणार नाही, हे त्यात दिसून आले. पण ऑस्ट्रियातील कारागीर ज्या घडणीची पिंपे करत, तिच्यात थोडा फरक पडला तरी मापात फारसा फरक पडत नाही, असेही निघाले. विकणारा लबाड नव्हता. त्याला केवळ कारण ठाऊक नव्हते. पुढे ज्याला कलनशास्त्र म्हणू लागले, त्या गणिताच्या पूर्वतयारीत केप्लरच्या या ग्रंथाची गणना होते.

पिंप मोजायची काठी, त्यावरून कोणतेही ठरीव माप, आणि मग माप दाखवणारे कोणतेही साधन, असा अर्थ पसरत गेला. तारेच्या गेजची गंमत अशी, की आकडा वाढला म्हणजे तार बारीक होते. इंग्लंडमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालेल्या कोष्टकात १० गेजची तार सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाड आहे, तर २२ गेजची पाऊण मिलिमीटरही नाही. याचे कारण तार करण्याच्या रीतीत आहे. जाड तार पोलादी पट्टीच्या भोकातून ओढली की बारीक होते. तीच आणखी लहान भोकातून ओढली की आणखी बारीक. जितक्या वेळा ओढली तितका तिचा आकडा मोठा.

पाऊस मोजण्याचे साधन तर आपल्या देशात ‘गेज’ या शब्दाच्या जन्माआधीपासून होते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो याचेही प्रमाण त्याने दिले आहे. अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या पावसाला मात्र त्याने आकडा न देता ‘अमित’ एवढेच म्हटले आहे. आषाढातले कोकण ज्याने पाहिले आहे, तो कौटिल्याला दोष देणार नाही.

वाफेच्या यंत्रावर गेज हे माणसांच्या जिवाचे राखण असे. इंजिनाच्या बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी जोडलेली असे. आत पाणी जेथवर, नळीतही तेथवर. भट्टीचा माथा पाण्याखाली बुडालेला असला पाहिजे. पाणी त्याखाली गेले, तर माथ्याचा पत्रा लालभडक होऊन मऊ पडतो आणि आतली वाफ तो फाडून बाहेर येते. म्हणून कोळसा टाकणाऱ्याची एक नजर भट्टीवर तर एक त्या नळीवर असे. वाफेचा दाब सांगणारी तबकडी १८४९ मध्ये यूजेन बूर्दों या फ्रेंच यंत्रकाराने काढली. तिच्या पोटात एक चपटी, वाकवलेली नळी असते. जत्रेत मिळणारी गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकली की उलगडते ना, तसेच वाफ भरली म्हणजे ही धातूची नळी किंचित सरळ होऊ पाहते आणि ती हालचाल काट्याला फिरवते. इतकी साधी ही युक्ती अजून जगभर चालू आहे.

परंतु या शब्दावरून खरे रण माजले ते रुळांच्या संदर्भात.

इंग्लंडच्या ईशान्येकडील कोळशाच्या खाणींत घोडे लाकडी रुळांवरून गाड्या ओढत. तेथील काही मार्गांवर रुळांमधील अंतर सुमारे पावणेपाच फूट होते. जॉर्ज स्टीफन्सन अशाच खाणीत वाढला. त्याने वाफेची इंजिने बांधली तीही त्याच अंतराची, कारण रूळ आधीपासून तेथे होते. १८२५ च्या स्टॉक्टन–डार्लिंग्टन मार्गावर आणि १८३० च्या लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर त्याने तेच माप नेले. आरंभी ते ४ फूट ८ इंच होते. वळणावर चाके अडकू नयेत म्हणून पुढे अर्धा इंच वाढवला आणि ४ फूट साडेआठ इंच हे विचित्र माप कायम झाले. रोमन रथांच्या चाकांवरून ते आले अशी एक रंगतदार गोष्ट सांगतात. तिला आधार नाही. आधार आहे तो खाणीतल्या घोड्याचा.

इझंबार्ड ब्रुनेल हा तरुण स्थापत्यविशारद वेगळ्या मनोवृत्तीचा होता. खाणीतल्या घोड्याच्या मापावर देशाची आगगाडी का चालावी, असा त्याचा प्रश्न. लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न मार्गासाठी त्याने ७ फुटांचे गेज घेतले. १८४१ मध्ये तो मार्ग पुरा झाला. त्यावरच्या गाड्या ऐसपैस होत्या, डगमगत नसत आणि वेगाने जात. ब्रुनेलचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. अडचण एवढीच होती, की देशात तो एकटा नव्हता.

१८४४ मध्ये ग्लॉस्टर गावी ही दोन गेजे समोरासमोर आली. ब्रिस्टलची रुंद गाडी तेथे थांबे. बर्मिंगहॅमची अरुंद गाडी तेथून निघे. मधल्या फलाटावर सगळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. कोळसा, विटा, दुधाचे हंडे, घरसामान, कोंबड्यांच्या पाट्या, बिचकलेली गुरे, सारे एकाच गर्दीत. पार्लमेंटचे सभासद हा प्रकार पाहावयास येणार असे कळले, तेव्हा अरुंद गेजच्या बाजूच्या एका अधिकाऱ्याने आधीच रिकाम्या केलेल्या गाड्या पुन्हा भरून पुन्हा उतरवायला लावल्या आणि गोंधळ दुप्पट करून दाखवला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. दुप्पट न करताही तो पुरेसा होता.

१८४५ मध्ये या भांडणाचा निकाल लावण्यासाठी आयोग नेमला गेला. दोन्ही पक्षांच्या इंजिनांची शर्यत झाली. ब्रुनेलच्या पक्षाचे ‘इक्सिऑन’ हे इंजिन ताशी ६० मैलांच्या आसपास पोहोचले; प्रतिपक्षाचे एक इंजिन रुळांवरून घसरून आडवे झाले. शर्यत रुंद गेजने जिंकली, पण खटला हरला. कारण त्या वेळी देशात अरुंद गेजचे सुमारे १,९०० मैल मार्ग होते आणि रुंद गेजचे तीनशेही नव्हते. १८४६ च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमधील नव्या प्रवासी मार्गांसाठी ४ फूट साडेआठ इंच हेच माप ठरवले. ब्रुनेल १८५९ मध्ये वारला. त्याचे रुंद रूळ त्यानंतरही तेहतीस वर्षे टिकले. अखेर मे १८९२ मध्ये चार हजारांहून अधिक मजूर मार्गावर विखुरले गेले आणि उरलेले १७१ मैल रूळ त्यांनी शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत आत सरकवले. सोमवारी गाड्या धावल्या त्या घोड्याच्या मापावर.

हे भांडण जवळून पाहणारा एक गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आला. लॉर्ड डलहौसी हा त्या धामधुमीच्या वर्षांत इंग्लंडच्या व्यापारमंडळावर अधिकारी होता. १८४८ मध्ये तो येथे गव्हर्नर-जनरल झाला. येथे एकच गेज असावे, पहिल्या दिवसापासून असावे, आणि इंग्लंडपेक्षा रुंद असावे, असा त्याचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक प्रथम ४ फूट साडेआठ इंचांवर अडून होते. कंपनीचा सल्लागार अभियंता सिम्स याने साडेपाच फूट सुचवले होते, तर डलहौसीला सहा फूट हवे होते. शेवटी साडेपाच फुटांवर सगळे थांबले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला ४०० पाहुण्यांना घेऊन १४ डब्यांची जी गाडी गेली, ती याच गेजवरून.

डलहौसीचा ‘एकच’ हा आग्रह मात्र वीस वर्षेही टिकला नाही. रुंद मार्ग फार महाग पडतात असे पाहून लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० मध्ये, स्वस्त आणि अरुंद मार्ग बांधण्याचे ठरले. तेव्हा देशात मीटर-किलोग्रॅमची पद्धती आणण्याचा विचार चालू होता. म्हणून नव्या मार्गाचे गेज नेमके एक मीटर ठरवले. दिल्ली ते रेवाडी हा पहिला मीटरगेज मार्ग १८७३ मध्ये सुरू झाला. मीटर रुळांवर तर आला, पण बाजारात येईना! कापडाच्या दुकानापर्यंत पोहोचायला त्याला १९५६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

यामुळे ग्लॉस्टर गावचे फलाट महाराष्ट्रातही अवतरले. मनमाडला मुंबईची रुंद गाडी येई आणि निजामाच्या राज्यातून येणारी मीटरगेज गाडी तेथे संपे. मराठवाड्याचा माल मुंबईला जायचा, तर त्याचे प्रत्येक पोते मनमाडला हमालाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाई. मिरजेला तर पुढे एके काळी रुंद, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एकत्र आले होते.

नॅरोगेजमध्ये बार्शीच्या गाडीचे स्थान मानाचे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटांचा मार्ग सुरू केला. रूळ अरुंद आणि हलके असले, तरी गाडीचे ओझे सर्व आसांवर सारखे वाटले आणि एकाही आसावर पाच टनांहून अधिक येऊ दिले नाही, तर भरपूर माल नेता येतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे हा मार्ग एकीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे लातूरपर्यंत गेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी फुललेले त्याचे डबे जुन्या माणसांना आजही आठवतात. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करण्याची मोठी योजना हाती घेतली. तीत मनमाडचा मीटरगेज मार्ग रुंद झाला, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शीचाही.

आपल्या परिभाषाकारांनी या शब्दाला एकच प्रतिशब्द दिला नाही, हे योग्यच केले. पाऊस मोजतो तो ‘पर्जन्यमापक’, दाब मोजतो तो ‘दाबमापक’, आणि मार्ग मात्र ‘रुंदमापी’, ‘मीटरमापी’, ‘अरुंदमापी’. इंग्रजीने एकाच काठीला सगळी कामे सांगितली. मराठीने ‘माप’ या एका धातूतून प्रत्येक कामाला निराळा शब्द घडवला. तरीही रुळांवर काम करणारा माणूस ‘गेज’च म्हणतो, आणि त्याला तसे म्हणण्याचा अधिकार आहे.

मुंबईत घाटकोपरला आज आणखी एक दृश्य पाहावयास मिळते. खाली मध्य रेल्वेचे साडेपाच फुटी रूळ आहेत. १८५३ ची पहिली गाडी याच मार्गाने ठाण्याला गेली. वर, खांबांवर, ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या मेट्रोचे रूळ आहेत. त्यांचे गेज १४३.५ सेंटिमीटर आहे, म्हणजेच ४ फूट साडेआठ इंच.

स्वाध्याय

१. ‘गेज’ या इंग्रजी शब्दाचे लेखन चुकण्याची कोणती कारणे पाठात सांगितली आहेत? मराठीत लेखन आणि उच्चार वेगळे असणारे आणखी तीन शब्द शोधा.

२. ‘शर्यत रुंद गेजने जिंकली, पण खटला हरला.’ हे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा. हा निकाल तुम्हांला योग्य वाटतो काय?

३. पिंप विकणाऱ्याला जे ठाऊक नव्हते आणि केप्लरला जे सापडले, ते कोणते?

४. तुमच्या गावाजवळच्या लोहमार्गाचे गेज कोणते, आणि तो पूर्वी निराळ्या गेजचा होता काय, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.